लूमखाली झोपणारी कुत्री

कुत्र्याचा मेंदू लिंबाएवढा असतो. कुत्रं थोराड असलं तर थोराड लिंबाएवढा. मला हे ठाऊक आहे, कारण तीन वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात रविवारच्या दुपारी मी अशी बरीच लिंबं पडद्यावर पाहिली. त्याआधी मी फक्त माणसांचे मेंदू पाहत होतो. सुरतेतल्या एका तपासणी केंद्रात मी एमआरआयचं मशीन चालवतो. माणूस आत सरकवायचा, काचेपलीकडे बसायचं, बटणं दाबायची आणि त्याच्या डोक्याचे काप एकामागून एक पडद्यावर येताना बघायचे. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. खोली गार असते, उजेड मंद असतो, मशीनचा ठोका एकसुरी चालू असतो आणि बसल्या जागी माझं मन कुठल्या कुठे जाऊन येतं. याच सवयीपायी शाळेत मार खाल्ला होता.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक मॅडम येऊ लागल्या. त्या कुत्र्यांच्या मेंदूवर संशोधन करायच्या. कुत्र्याच्या डोक्यात आवाज कुठे उमटतो, वास कुठे, ओळखीचा माणूस कुठे, याचा नकाशा त्यांना हवा होता, आणि तोही भूल न देता. जागं कुत्रं आपखुशीने आत जाईल, हनुवटी टेकेल आणि न हलता पडून राहील, अशी त्यांची अट. परवानगीचे सगळे कागद त्यांच्याकडे होते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना रविवारची दुपार दिली आणि मशीनबरोबर मलाही देऊन टाकलं. मी कुरकुर केली, पण फार नाही. मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या. आठवडाभर गुजराती आणि हिंदी बोलल्यावर त्यांचं मराठी कानाला गोड लागायचं.

आधी आली ती अडाजण आणि वेसूकडची, बंगल्यातली कुत्री. धुतलेली, विंचरलेली, गाडीतून उतरणारी. मॅडमनी त्यांना कित्येक महिने शिकवलं होतं. प्लास्टिकच्या पिंपाचा बोगदा, त्यात मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज, कानांवर जाड पट्टी, आणि प्रत्येक पायरीला खाऊ. पिंपात ती शहाण्यासारखी वागायची. पण खऱ्या मशीनने पहिला ठोका दिला, की शहाणपण संपलं. तो आवाज माणसांनाही झेपत नाही, कुत्र्यांच्या कानांचं काय सांगावं. एक भला मोठा लॅब्रॅडॉर तर उलटपावली बाहेर येऊन माझ्या मांडीत शिरला आणि कितीतरी वेळ उठेचना. दोन मिलिमीटर डोकं हललं तरी चित्र वाया जातं, इथे अख्खं कुत्रंच जागेवर राहत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "अहो दादा, मला असं कुत्रं हवंय, ज्याला हा आवाज म्हणजे आवाजच वाटत नाही."

मी म्हणालो, असं एक आहे.

सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. लिंबायतमध्ये आमच्या गल्लीच्या पाठीलाच एक खातं आहे. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडचं गाव सोडून आले आणि एकतीस वर्षं त्याच खात्यात कारीगर राहिले. शेवटच्या काही वर्षांत एक पिवळट कुत्री पिल्लू असताना आत शिरली आणि त्यांच्या लूमखाली सुताच्या कचऱ्यावर राहू लागली. तिची तऱ्हाच वेगळी. लूम चालू असले की ती गाढ झोपायची. वीज गेली, सगळे लूम एकदम गप्प झाले, की ती दचकून उठायची आणि दारात जाऊन भुंकायची. कारीगर हसायचे. आमच्या घरातही तेव्हा वीज गेल्याचं आम्हाला पंख्यावरून नाही, तिच्या भुंकण्यावरून कळायचं.

लूमने आबांचे कान खाल्ले होते. त्या हिवाळ्याच्या दोन वर्षं आधी डोळ्यांना तुटलेला धागा दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी काम सोडलं. पण रोज सकाळी पाळी बदलायच्या वेळी भाकरी घेऊन ते खात्यावर जायचे आणि दारापाशी कुत्रीजवळ तासभर बसून यायचे. घरी ते बोलत नसत. बोलले तर गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळायचा नाही. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. सातवीत असताना शाळेत आईवडिलांना बोलावलं होतं, तर मी आबांना सांगितलंच नाही, आईला नेलं. ते त्यांना नंतर कळलं असावं. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही. कानाचं मशीन मी पुढे नोकरी लागल्यावर आणून दिलं. ते कर्कश वाजतं म्हणून आबा ते बहुतेक वेळ डबीतच ठेवायचे. आई म्हणायची, "एक बहिरा, एक मुकी. जोडी बरी जमनी."

मॅडमचा एक फॉर्म होता. कुत्र्याचं नाव, वय, मालकाची सही. मी तो आबांपुढे ठेवला. नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर ते म्हणाले, "तिनं काय नाव ठेवानं, कुत्री शे ती." इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावच ठेवलं नव्हतं. मी तो रकाना रिकामा सोडला. मालकाच्या रकान्यापाशी मात्र ते अडले. मी मालक कसा, शेठ मालक, असं पुटपुटले. मग मागच्या कोऱ्या बाजूला दोनदा सही गिरवून पाहिली आणि तिसऱ्यांदा जागेवर केली. सही वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले. बॉलपेनची शाई वाळायची वाट कोण बघतं?

कागद माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "त्या फोटूमा दिसी का, ती माले वळखस का?"

मी ऐटीत मान हलवली. मशीनला सगळं दिसतं, असा माझा तेव्हा समज होता.

थोडे दिवस पिंपाच्या बोगद्यात सराव झाल्यावर तिच्या पहिल्या रविवारी मी तिला रिक्षातून नेलं. मशीनला लावलेल्या पायरीवरून ती आपण होऊन चढली, मऊ खाचेत हनुवटी टेकली आणि आमच्याकडे बघत राहिली. कानांवर पट्टी बांधली तरी तक्रार नाही. मी काचेपलीकडे जाऊन बटण दाबलं. ठक ठक ठक सुरू झालं. मॅडमनी श्वास रोखला होता. कॅमेऱ्यात कुत्रीचे डोळे दिसत होते. ते हळूहळू बारीक झाले आणि मिटले. ती झोपली.

मॅडम हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मेंदूची नुसती रचना टिपायला झोपलेलं कुत्रं उत्तमच. मी काप घेत राहिलो. आधी नाकाकडचा भाग उमलला, वास घेणारा, मेंदूच्या मानाने केवढा तरी मोठा. मग घड्या आल्या, मग त्यांच्या आत अंधारातली लहान लहान तळी. तिचा एक पंजा बाहेर आला होता आणि मध्येच थरथरत होता. ती कुठेतरी पळत होती. मशीनचा ठोका चालला होता आणि मला वाटलं, हा ठोका मला माहीत आहे. दुपारी शाळा सुटल्यावर आबांचा डबा घेऊन जायचो तो बोळ, खात्याचं दार, आत धुक्यासारखे उडणारे सुताचे तंतू, आणि त्या धुक्याच्या टोकाला उभे आबा. ते लांबूनच हात वर करायचे. मीही मान हलवायचो, डबा कोनाड्यात ठेवायचो आणि जायचो. आम्ही काय बोलायचो बरं? काहीच नाही. तिथे कोणी बोलतच नसे. मी हे आठवत होतो की स्वप्नात पाहत होतो, कोण जाणे. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मशीन थांबलं होतं आणि आत कुत्री मान वर करून, सगळं शांत का झालं म्हणून इकडे तिकडे बघत होती.

पुढच्या रविवारी खरा प्रयोग होता. कुत्रीला तिच्या माणसाचा आवाज ऐकवायचा आणि परक्याचा आवाज ऐकवायचा, आणि मेंदूत काय फरक पडतो ते बघायचं. मशीन थोडा वेळ ठोके देणार, थांबणार, त्या शांततेत आवाज वाजणार, पुन्हा ठोके. असं थांबत थांबत चाललं तर ती झोपणारही नाही. मी घरी मोबाइलवर आबांचा आवाज घेतला. इकडे ये, भाकरी खा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते कितीतरी वेळ लाजले. मोबाइलकडे बघून कुत्रीला काय बोलायचं, म्हणाले. शेवटी पत्र वाचावं तसं ते ओरडून म्हणाले. तेच शब्द मी आमच्या सेंटरच्या वॉचमनकडून म्हणवून घेतले. कुत्री छान राहिली. डोळे उघडे, डोकं जागेवर.

लोकांना वाटतं, मशीनमध्ये मेंदू दिवे लागल्यासारखा चमकतो. तसं काही नसतं. त्या वेळी पडद्यावर राखाडी ठिपक्यांखेरीज काही दिसत नाही. मागाहून संगणकावर हिशेब लावावे लागतात, कुठे रक्त किंचित जास्त गेलं ते शोधावं लागतं, आणि रंग तर त्याच्याही नंतर भरतात. तीन आठवड्यांनी मॅडमनी चित्र दाखवलं. माणसाचा आवाज ऐकला की कानामागचा एक भाग जागा होत होता, हे स्वच्छ दिसत होतं. पण आबांचा आवाज काय आणि वॉचमनचा काय, दोन्हीला तेवढाच. आत खोल एक जागा असते, हवंहवंसं काही येणार म्हटलं की ती जागी होते. ती दोन्ही वेळा निजलेलीच होती. मॅडम म्हणाल्या, एका कुत्रीवरून काही ठरवायचं नसतं. पण मी मनातल्या मनात ठरवून मोकळा झालो होतो.

त्या संध्याकाळी जेवताना आबांनी विचारलं, काय दिसलं. त्यांच्या कानात मशीन नव्हतं. म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. "नई वळखस! तुमना आवाज अन् परक्याना आवाज, तिले दोन्ही सारखाच!" शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. एखादी गोष्ट ओरडून सांगितली की ती असते त्याच्या दुप्पट खरी वाटते, आणि दुप्पट निर्दयही. मला ते बोलता बोलताच कळलं, पण वाक्य अर्ध्यात कसं सोडणार? खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं होतं. घरात आमच्याशी चार शब्द न बोलणारा माणूस रोज तासभर कुत्रीपाशी बसतो, याचा राग माझ्या मनात कुठेतरी होता. तो त्या ओरडण्यात आला.

आबांनी घास खाली ठेवला. "त्या कागदवर मनी सही शे ना, ती खोडी टाक," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते खात्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भाकरी टोपलीत राहायची. ते खिडकीशी बसायचे आणि पाळी बदलताना रस्त्याने जाणारे कारीगर बघायचे. आईने आठवडाभर काही म्हटलं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी तिने भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. म्हणाली, कुत्रीचा काय गुन्हा? तू जा.

मी खात्यात कितीतरी वर्षांनी गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाजाने मला चहूबाजूंनी धरलं. पहिल्या क्षणी भीती वाटते, मग कान हरतात, आणि मग एक चमत्कारिक शांतता येते. सगळं हलतं आहे, धोटे इकडून तिकडे पळताहेत, आणि तुम्ही पाण्याखाली चालल्यासारखे चालता. आबांच्या जागी आता दुसरा कारीगर होता. त्यांच्या लूमखाली कुत्री झोपलेली दिसली. मी तिला हाक मारली. तोंड उघडलं, जोर लावला, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी तसाच उभा राहिलो. आबांनी हिला नाव का ठेवलं नाही ते मला त्या क्षणी कळलं. नाव घेऊन करणार काय? जन्मात एकदाही तिने त्यांची हाक ऐकलेली नव्हती. दारापाशी बसायचे तेव्हाही आत बत्तीस लूम चालू असायचे. तिला ठाऊक नसलेला आवाज मी तिला ऐकवला होता आणि वर, ती ओळखत नाही असा निकाल दिला होता. जन्मभर त्या खात्याचा आवाज ऐकलेल्या माणसाने ही चूक करावी!

नवीन कारीगराने मला पाहिलं. त्याने कानावर तळहात ठेवला, मग दोन बोटं चालवल्यासारखी केली आणि भुवया उंचावल्या. म्हातारे कुठे आहेत, येत का नाहीत? मी हाताने सांगितलं, घरी आहेत, बरे आहेत. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला हे कोणी शिकवलेलं नाही आणि मला ते येतं. मग त्याने माझ्यासाठी कुत्रीला उठवलं. लूमच्या कडेला टिचकी मारली, ती थरथर तिला लागली असावी. तिने डोळे उघडले. त्याने हात तोंडाच्या उंचीला आणून पहिली दोन बोटं दोनदा दुमडली. आबा तिला असंच बोलावत, हे त्याने पाहिलेलं असणार. कुत्रीने हाताकडे पाहिलं, मग वर चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हनुवटी पुन्हा पंजावर टेकवली. भाकरी मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती हुंगली, पण खाल्ली नाही.

मी बाहेर येऊन बोळातूनच मॅडमना फोन केला. म्हटलं, आवाज नको, हात दाखवू. आधी त्यांना कळेना. कळल्यावर म्हणाल्या, आत आरसा लावता येईल. कुत्रीच्या डोळ्यांपुढे तिरपा आरसा, त्यात बोगद्याच्या तोंडाशी उभ्या माणसाचा फक्त हात दिसेल. आधी परका हात, मग तुमच्या बाबांचा. खूण तीच.

आबांना राजी करणं सोपं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. कानात मशीन घाला म्हणून विनवलं, त्यांनी घातलं. ओरडायचं नाही असं ठरवून मी म्हणालो, "मनी चूक व्हयनी, आबा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. पण रविवारी बारा वाजता मी निघालो, तर ते धुतलेला सदरा घालून दारात उभे होते.

एमआरआयच्या खोलीत लोखंडाचा कण चालत नाही. मी एकेक वस्तू काढून घेतली. पट्टा, चुन्याची डबी, करदोट्याला बांधलेली पेटीची किल्ली, आणि सगळ्यात शेवटी कानाचं मशीन. माझ्या तळहातावर ते ठेवताना त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. दिवाणखान्यात बसवलेल्या परक्या माणसासारखे ते त्या पांढऱ्या खोलीत उभे होते. कुत्री आधीच आत हनुवटी टेकून होती. बोगद्याच्या तोंडाशी मॅडम होत्या. आधी त्यांचा हात, परका. मी काचेपलीकडे आलो आणि बटण दाबलं.

ठक ठक ठक. आबांनी मान वर केली. बहिऱ्या माणसालाही तो आवाज छातीत लागतो. ते मशीनकडे बघत राहिले आणि मग त्यांचे खांदे खाली आले. मी इतकी वर्षं घरात ज्यांना पाहत होतो ते आबा नव्हतेच हे. पाय किंचित फाकवून, एका पायावर भार टाकून, लूमपुढे उभं राहावं तसे ते उभे होते. ते त्यांच्या घरी आले होते.

मॅडमच्या हाताकडे कुत्रीने पाहिलं आणि तिचे डोळे बारीक होऊ लागले. मॅडम बाजूला झाल्या. आबा पुढे आले. त्यांनी उजवा हात तोंडाच्या उंचीला आणला आणि पहिली दोन बोटं दुमडली. कॅमेऱ्यात मला तिचे डोळे दिसत होते. ते मोठे झाले. डोकं तिने हलवलं नाही, शहाणी, दोन मिलिमीटरही नाही. पण पलीकडे तिची शेपटी मऊ गादीवर आपटत होती. मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आबा पुन्हा पुन्हा हात वर करत होते आणि हसत होते. ते दोघं इतक्या दिवसांनी मनसोक्त बोलत होते आणि आम्ही बाकीचे बहिरे होतो.

शेवटची फेरी चालू होती. आबांचं काम झालं होतं, ते बाजूला झाले, वळले, आणि काचेतून त्यांनी मला पाहिलं. त्यांनी पाचही बोटं एकत्र करून तोंडाशी नेली आणि मग पंजा माझ्याकडे उघडला.

जेवलास का?

डबा घेऊन जायचो तेव्हा त्या सुताच्या धुक्याच्या टोकाशी ते रोज हेच विचारायचे. त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, मला तो हात दिसला. आम्ही काही बोलायचो नाही असं मी समजून चाललो होतो. ते रोज विचारत होते. दुपारचे अडीच वाजले होते आणि मी खरंच जेवलो नव्हतो. मी गडबडलो. सवयीने माइकचं बटण दाबलं आणि म्हणालो, नाही अजून. खोलीतल्या स्पीकरवर माझा आवाज गेला असेल, त्यांच्यापर्यंत कसा जाणार? ते तसेच पंजा उघडून उभे राहिले. मग मशीन थांबलं, कुत्रीने मान वर केली आणि ते तिच्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाकरी घेऊन खात्यावर गेले. निकालाची वाट त्यांनी पाहिली नाही.

निकाल महिन्याने आला. परका हात दिसताना ती आतली जागा निजलेली. आबांचा हात दिसताना ती शेंदरी, अगदी ठळक. मॅडमनी पुन्हा बजावलं, एका कुत्रीवरून काही सिद्ध होत नाही, अजून बरीच कुत्री लागतील. पण त्या स्वतःच ते चित्र पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. मी त्याची एक मोठी प्रत काढून घेतली.

घरी गेलो तेव्हा आबा जेवायला बसत होते. कानाचं मशीन डबीत. मी चित्र त्यांच्यासमोर धरलं आणि शेंदरी ठिपक्यावर बोट ठेवलं, मग त्या बोटाने त्यांच्या हाताकडे दाखवलं. त्यांना कळलं. त्यांनी चित्र उजेडाकडे नेलं, नाकाची बाजू कुठली ते शोधून काढलं, आणि बराच वेळ बघितल्यावर ते भिंतीला टेकवून ठेवलं. मग माझ्याकडे बघून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हाऊ तिना फोटू. तुना कोठे शे?"

हजारो लोकांना मी त्या मशीनमध्ये सरकवलं आहे, पण माझ्या डोक्यात काय जागं आहे आणि काय निजलेलं, याचं चित्र माझ्याकडे नव्हतं. ओरडून सांगण्यासारखंही ते नव्हतं. मी पाचही बोटं एकत्र करून तोंडाशी नेली, नकाराची मान हलवली, आणि त्यांच्या ताटाकडे हात केला. नाही जेवलो, तुमच्याबरोबर बसतो.

आबा चटईवर थोडे सरकले आणि त्यांनी आईला दुसरं ताट आणायला सांगितलं, हाताने.